शिशाचा कोपरा आणि कडक भाकरी

माझी भाकरी लोक छपराखाली रात्रभर ठेवून देतात, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला राग आला होता. नवी पेठेच्या मागच्या बोळात माझं कडक भाकरीचं दुकान आहे. ज्वारी निवडण्यापासून तव्यावरची भाकरी मंद आचेवर कडक होईपर्यंत सगळं मी जातीनं बघते. लोक ती शेंगाचटणीशी खातात, पुण्याला पाहुण्यांकडे डबे भरून नेतात. आणि हा एक म्हातारा यायचा, गठ्ठ्यातून स्वतःच्या हातानं एकच भाकरी निवडायचा, बोटानं टिचकी मारून आवाज ऐकायचा आणि फडक्यात गुंडाळून घेऊन जायचा. खायला न्यायची नाही, हे त्याच्या तोंडावरच दिसायचं.

"उंदरांसाठी नेता काय, चाचा?" मी एकदा विचारलंच.

"पाण्यासाठी," लालसाब चाचा म्हणाले आणि निघून गेले.

ते काय म्हणाले ते मला त्यांची मुलगी गुलबानो हिनं पुढे समजावून सांगितलं. खरं तर ही गोष्ट तिचीच आहे. पण ती स्वतःबद्दल चार वाक्यं सलग बोलणार नाही, म्हणून मी बोलते. मला कुणी थांबवत नाही.

लालसाब चाचांच्या घरी छपरावर शिसं बसवायचं काम आजोबांपासून चालत आलेलं. आमच्या सोलापुरात पत्र्याची छपरं ठोकणारे गल्लोगल्ली आहेत. पण जिथं पत्रा संपतो आणि भिंत सुरू होते, तिथली फट बुजवणारा माणूस शोधावा लागतो. पाणी पत्र्यातून येत नाही, ते त्या फटीतून येतं. आता बहुतेक जण तिथं केमिकलची पेस्ट फासतात. दोन उन्हाळे गेले की तिचे पापुद्रे सुटतात, मग परत फासतात. चाचा तिथं शिशाच्या पत्र्याचा पट्टा बसवत. त्याची वरची कड भिंतीला खाच पाडून तिच्यात अडकवायची, खालची कड छपरावर पसरायची. शिसं मऊ असतं, लाकडी मोगरीनं हळूहळू थोपटलं की पाहिजे तसं वळतं, आणि नीट बसवलं तर बसवणाऱ्या माणसापेक्षा जास्त जगतं.

पण त्याचे नखरे फार. सोलापूरच्या उन्हात ते वाढतं, रात्री आखडतं. दोन्ही कडांना खिळे ठोकून आवळलं तर एका उन्हाळ्यात फाटतं. त्याला हलायला जागा ठेवावी लागते. आणि बसवायचं ते पहाटे, ऊन चढायच्या आत. तापलेलं शिसं बसवलं तर रात्री ते आखडून भिंतीतून कड बाहेर ओढतं. वरून बघणाऱ्याला काही दिसत नाही, पाण्याला मात्र दिसतं.

आता माझ्या भाकरीचं काम. कोपरा बसवून झाला की पन्हळीचं तोंड चिंध्यांनी बंद करून वर पाणी तुंबवायचं. खाली, त्या सांध्याच्या बरोबर तळाला, फळीवर पातळ फडक्यात गुंडाळून एक कडक भाकरी ठेवायची. भिंतीवर ओल उमटायला आठवडा लागेल, पण कडक भाकरीला एक रात्र पुरते. जराशी जरी दमट हवा लागली तरी ती वाकते. सकाळी मालकासमोर उस्तादानं ती भाकरी दोन्ही हातांनी मोडायची. कट्‌कन वाजली तर काम पास, मग तीच भाकरी सगळ्यांनी वाटून खायची. वाकली तर शिसं उखडायचं. हे ऐकल्यावर माझा राग गेला. उलट जरा ताठाच आला. एवढ्या मोठ्या छपरांचा निकाल माझी भाकरी देते म्हटल्यावर कुणालाही येईल.

गुलबानो विजापूरला दिलेली. नवरा अपघातात गेला आणि ती माहेरी आली. आधी शिलाई मशीनवर बसायची. मग चाचांची बोटं सुन्न व्हायला लागली. आयुष्यभर शिशाचे हात धोतराला पुसून त्याच हातांनी तंबाखू मळलेली, ते शिसं अंगात भिनलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. चाचा शिडीवर चढायचे थांबले आणि गुलबानो चढायला लागली. पंजाबी ड्रेसवर बापाचा जुना शर्ट, ओढणी कमरेला आवळून बांधलेली, हातात मोजे. खाली उतरल्यावर साबणानं कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय ती चहाच्या कपाला शिवत नाही. चाचा तिला हसायचे. ती हसू द्यायची आणि परत हात धुवायची.

तिचं काम मी पहिल्यांदा बघितलं ते भाकरी द्यायला गेले तेव्हा. शिशाचा कोपरा कात्रीनं कापून दुमडला तर काम झटपट होतं, पण कापलं की तिथं कधी ना कधी गळणार. गुलबानो कापत नाही. मोगरीनं एका बाजूचं शिसं थोडं थोडं सरकवत दुसऱ्या बाजूला नेते, कोपऱ्यावर ते पातळ पडू देत नाही, आणि सपाट पत्र्यातून कापाकापी न करता भिंतीच्या कोनात नीट बसणारी घडी उभी राहते. मी खाली उन्हात उभी राहून मान दुखेपर्यंत बघत होते. मोगरीचा आवाज सुद्धा मोठा नाही, कुणीतरी लांबवर पीठ थोपटतंय असा. मी भाकरी थापणारी बाई आहे. हात कुणाचा चांगला आणि कुणाचा नुसता चालतो, हे मला लगेच कळतं. मला तिचा हेवा वाटला आणि तिच्याबद्दल अभिमानही वाटला. दोन्ही खरं आहे.

एवढं असूनही भाकरी मोडायचे ते चाचाच. कोपरा तिचा, नाव त्यांचं. लोकही फोन त्यांनाच करायचे. दुकानाच्या पाटीवर चाचांचाच मोबाइल नंबर, आणि तो वाजला तरी चाचा उचलायचे नाहीत. गुलबानो मिस कॉल बघून परत फोन लावायची आणि सांगायची, अब्बा नमाजला गेलेत. दिवसातून इतक्या वेळा नमाजला जाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. चाचांना ऐकू येईनासं झालं होतं. बोळात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त चाचांना वाटायचं की कुणाला ठाऊक नाही.

गुलबानोचा धाकटा भाऊ सलमान पुण्यात गाडी चालवतो. तो दर सणाला यायचा आणि म्हणायचा, हे शिसं भंगारात घाला, बाईमाणसानं छपरावर चढायचं म्हणजे काय. चाचा ऐकून घेत, म्हणजे ऐकल्यासारखं करत. शेवटी या उन्हाळ्यात त्यांनी गुलबानोला सांगून टाकलं. होटगीच्या रस्त्याला शिवशरण शेठनं जुनी विणकामाची शेड चादरींच्या गोदामासाठी घेतली होती. करवतीच्या दात्यांसारखं छप्पर, प्रत्येक दात्यामागे पाण्याची घळ. त्यातला सगळ्यात अवघड कोपरा गुलबानोनं एकटीनं बसवायचा. चाचा वर बघणारसुद्धा नाहीत. भाकरी वाजली तर आजोबांची चिंचेची मोगरी तिची आणि धंदाही तिचा. वाकली तर सलमान म्हणतो तसं, आणि ती परत मशीनवर.

हे मला गुलबानोनं भाकरी घेताना सांगितलं. गठ्ठ्यातून भाकरी निवडताना तिचा हात नेहमीसारखा स्थिर होता. सुटे पैसे मोजताना मीच दोनदा चुकले.

त्या सकाळी मीही गेले. काही कारण नव्हतं, गठ्ठा द्यायचं निमित्त काढलं. शेडमध्ये शिवशरण शेठ, चाचा, गुलबानो आणि मी. रात्रभर वर पाणी तुंबलेलं होतं. भिंत कोरडी होती, फळी कोरडी दिसत होती. गुलबानोनं शिडी चढून भाकरी खाली आणली आणि फडक्यासकट चाचांच्या हातात दिली. फडकं सोडताना तिच्या तोंडावर काहीतरी बदललं. मला वाटलं, काळजीनं असेल.

चाचांनी भाकरी दोन्ही हातांत धरली, सगळ्यांकडे एकदा बघितलं, आणि मोडली.

ती वाजली नाही. आधी वाकली, मग कडेनं सावकाश फाटली, शिळ्या चपातीसारखी.

"वाजली," चाचा खुशीत म्हणाले. "अच्छी वाजली. घ्या शेठ, खावा."

त्यांच्या बोटांना कळलं नव्हतं आणि कानांना तर नाहीच. त्यांनी मोठा तुकडा शिवशरण शेठच्या हातावर ठेवला. शेठनं तो दाबून बघितला. मग चाचांकडे बघितलं, मग माझ्याकडे. माणूस वाईट नाही. म्हाताऱ्याची फजिती होऊ नये म्हणून त्याला एक वाट सापडली आणि ती नेमकी माझ्या दारातून गेली.

"अक्का," तो हळू आवाजात म्हणाला, "आज भाकरीच मऊ पडली वाटतं तुमची."

माझ्या डोक्यात सणक गेली. माझी भाकरी आणि मऊ. त्याच खेपेतला गठ्ठा माझ्या पिशवीत होता. एक काढून तिथंच मोडली असती तर होटगी स्टेशनपर्यंत ऐकू गेलं असतं. हात पिशवीत गेलासुद्धा. तेवढ्यात गुलबानो दिसली. ती त्या तुकड्याकडे बघत होती; फडकं सोडतानाच तिला ओल कळली होती, हे मला आता उमगलं. मी 'व्हय' म्हटलं तर मोगरी तिची होती. चाचांनी स्वतः वाजली म्हटलं होतं, शेठ मानायला तयार होता. फक्त माझ्या भाकरीचं नाव जाणार होतं, आणि ते मी कधी कुणासाठी घालवलं नसतं, सख्ख्या बहिणीसाठीही नाही. मी पिशवीतला हात बाहेर काढला.

"व्हय," मी म्हटलं. "पीठ जरा..."

"अक्काची भाकरी बरोबर हाय," गुलबानो म्हणाली.

ती चाचांच्या समोर जाऊन उभी राहिली, त्यांना तिचे ओठ दिसतील अशी. त्यांच्या दंडाला हात लावला. घरात ती दोघं दखनी उर्दूत बोलतात. त्या वेळी मात्र ती मराठीत बोलली, शेठलाही कळावं म्हणून, सावकाश.

"अब्बा, वाजली न्हाय. वाकली. माझा कोपरा गळतोय. मी उखडती."

चाचांनी तिच्या तोंडाकडे बघितलं, मग आमच्या तोंडांकडे. त्यांना दोन गोष्टी एकदम कळल्या. कोपरा गळला ती एक, आणि आपल्याला ऐकू येत नाही हे या सगळ्यांना दिसलं ती दुसरी. हातातला उरलेला तुकडा त्यांनी फडक्यावर ठेवला. बाहेर गेले आणि रिक्षात जाऊन बसले.

मी गुलबानोवर भडकले. शिवशरण शेठ हिशेबाच्या निमित्तानं लांब गेल्यावर मी तिला धरलंच.

"तुला काय नडलं व्हतं गं? मी माझी भाकरी मऊ म्हणायला निघाले व्हते. ते आयुष्यात एकदाच व्हणार व्हतं."

"दिसलं मला," ती म्हणाली. "लई मोठं केलंत अक्का. पण पाऊस आला की खालच्या चादरी भिजतील. अब्बाच्या नावावर भिजतील."

"आणि मोगरी?"

तिनं मोजे घातले आणि शिडीला लागली. मी खाली उभी राहून तिनं तो कोपरा उचकटताना बघितला. इतक्या नाजूक हातानं बसवलेलं शिसं इतक्याच नाजूक हातानं निघत होतं. खाचेतून कड जराशी सुटून आली होती, नखभर असेल. ती मला वरून म्हणाली, "दुपारी बसवला व्हता अक्का. तापलेला."

इतकी वर्षं पहाटेचं काम करणारी बाई दुपारी शिसं का बसवेल, हे तिनं सांगितलं नाही. मला ते ठाऊक होतं. कोपरा बसवायच्या दिवशी सकाळी ती चाचांना घेऊन कानाच्या डॉक्टरकडे गेली होती. मशीन लावा म्हणून डॉक्टरनं सांगितलं, चाचांनी नको म्हटलं, आणि त्या हुज्जतीत ऊन वर आलं. शेठला दुसऱ्या दिवशी पाणी तुंबवायचा शब्द दिलेला. तापलं असेल तरी चालून जाईल, असं तिला एकदा वाटलं. एकदाच.

संध्याकाळी घरी काय झालं ते मी तिच्याकडूनच खोदून काढलं. चाचांनी जेवण उरकलं. मग त्यांनी एकच विचारलं, कोपरा कधी बसवला. ती म्हणाली, दुपारी. चाचा हात धुवायला उठले आणि मोरीत बराच वेळ उभे राहिले. त्या सकाळी आपण कुठे होतो, हे त्यांना आठवत असणारच.

दुसऱ्या दिवशी पहाटे गुलबानो निघाली तेव्हा चाचा आधीच रिक्षात बसलेले होते, मांडीवर मोगरी. शेडमध्ये त्यांनी एक स्टूल मागवलं आणि सांध्याच्या खाली तोंड वर करून बसले. गुलबानो वर. ऊन चढायच्या आत तिनं कोपरा नव्यानं वळवला, कड खाचेत बसवली, शिशाच्या पाचरी मारून अडकवली आणि वर चुना भरला. चुना वाळू दिला, मगच पाणी तुंबवलं. या वेळी भाकरी मी स्वतः निवडून दिली. टिचकी मारून गुलबानोला ऐकवली आणि म्हटलं, आता ही वाकली तर मी दुकान बंद करते. ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

सकाळी परत तीच माणसं, तीच जागा. गुलबानोनं भाकरी खाली आणली आणि चाचांपुढे धरली. चाचांनी भाकरीला हात लावला नाही.

"मला ऐकायला येत न्हाय," ते म्हणाले. ज्यांना ऐकू येत नाही ते बोलतात तसं मोठ्यानं, शेडभर ऐकू जाईल असं. "बोटालाबी कळत न्हाय. हे मी आधीच बोलायला पायजे व्हतं. तू मोड."

गुलबानोनं भाकरी धरली. तिचे हात धुतलेले होते, साबणाचा वास मला येत होता. तिनं मोडली, आणि ती अशी वाजली की वर बसलेलं कबूतर उडालं.

"वाजली चाचा," शिवशरण शेठ आनंदानं ओरडला. "जोरात वाजली."

मीही मान हलवली, हातवारे केले, काय काय केलं. चाचांनी आमच्याकडे बघितलंच नाही. आम्ही दोघं त्या दिवशी खोटं बोलायला तयार झालो होतो, आणि ते त्यांनी बरोबर पाहिलं होतं. ते फक्त गुलबानोच्या तोंडाकडे बघत होते.

"वाजली का?" त्यांनी तिला विचारलं.

"वाजली अब्बा."

तेव्हा कुठे त्यांनी तुकडा घेतला. चाचांचे पुढचे दात गेलेत. कडक भाकरी ते नेहमी आमटीत कुस्करून खातात, मला माहीत आहे. त्या दिवशी त्यांनी ती कोरडीच तोंडात धरली आणि गालात घोळवत बसले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी. दातांमुळे आलं असं ते म्हणाले. आम्ही हो म्हटलं. गुलबानोनं तोंड फिरवून ओढणी डोळ्यांना लावली. माझी भाकरी चांगलीच होती, पण माझा तुकडा मी न खाता पदराला बांधला.

शिवशरण शेठनं मोबाइल काढला. मोहोळला त्याच्या भावाचं गोदाम आहे, तिथलंही छप्पर दाखवायचं होतं. "चाचा, पाटीवरचाच नंबर ना तुमचा?" त्यानं तोंडाशी हात नेऊन मोठ्यानं विचारलं.

चाचांनी मांडीवरची मोगरी उचलली आणि गुलबानोच्या पिशवीत, मोज्यांच्या शेजारी ठेवली.

"तिचा घ्या," ते म्हणाले. "मला फोनवर ऐकायला येत न्हाय."